समुद्रातली विहीर

कर्जतला एका घरी संध्याकाळी मी लक्षद्वीपची छायाचित्रं दाखवत होतो. कर्जत म्हणजे लोकल जाते ते रायगडमधलं नव्हे. सीना आणि भीमा यांच्या मधलं, पर्जन्यछायेतलं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत. निळं-हिरवं पाणी, पांढरी वाळू, पाण्याकडे वाकलेले माड. मुलांनी माशांची नावं विचारली, त्यांच्या वडिलांनी खर्च विचारला. घरातल्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चहूकडं खारं पाणी. मग ही माणसं प्यायला पाणी कुठून आणत्यात? टँकर तर जात नसंल तिथं."

सुट्टीच्या बेटांबद्दल मला आजवर विचारला गेलेला हा सर्वांत मोलाचा प्रश्न. टँकरची वाट पाहत ज्यांनी उन्हाळे काढलेत, त्यांनाच तो आधी सुचतो. त्याचं उत्तर द्यायचं तर बेट तयार कसं झालं इथपासून सुरुवात करावी लागते. तिथली जमीन, वाळू, मासळी आणि विहिरीतलं पाणी, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. ही गुंतवण नीट उलगडली की त्या बेटावर पाहुण्यानं कसं राहावं, हे निम्मं आपोआप कळतं.

१. सगळी बेटं मिळून केवढी?

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले. किनाऱ्यावरची आणि पाण्याखालची त्यांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली आणि देशभर लोक या बेटांची चौकशी करू लागले. नकाशावर ती केरळच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण २२० ते ४४० किलोमीटरवर, अरबी समुद्रात विखुरलेली दिसतात. एकूण बेटं ३६, वस्ती असलेली मोजून दहा-अकरा. अगत्ती, कवरत्ती, कदमत, कल्पेनी, मिनिकॉय ही नावं पर्यटकांच्या तोंडी असतात. राजधानी कवरत्तीला आहे. लोक मलयाळमची एक बोली बोलतात. फक्त दक्षिणेकडच्या मिनिकॉयची महल ही भाषा मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण.

आता क्षेत्रफळ. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती ३२ चौरस किलोमीटरच भरते. आपला अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्यात पाचशेहून जास्त लक्षद्वीपं मावतील. कर्जतकरांनी रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य पाहिलेलं असतं. ते २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. लक्षद्वीपमधलं सगळ्यांत मोठं बेट अँड्रोट, ते रेहेकुरीच्या जेमतेम सव्वादोन पट. सगळ्यांत लहान वस्तीचं बेट बित्रा, ०.१ चौरस किलोमीटर. एकरांत सांगायचं तर पंचवीस एकर! एखाद्या बागायतदार कुटुंबाची जमीन असावी तेवढ्या जागेवर २०११ च्या जनगणनेत २७१ माणसं राहत होती. त्याच जनगणनेत साऱ्या लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ होती. ३२ ने भागलं की दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं. एकांत बेट म्हणून आपण जे चित्र मनात धरतो, ते इथे वस्ती असलेल्या बेटांना लागू पडत नाही.

आणि ही जमीन समुद्रसपाटीपासून केवळ एक-दोन मीटर, क्वचित थोडी जास्त उंच. डोंगर नाही, टेकडी नाही, ओढा नाही, नदी नाही. पाऊस पडला की साठवायला धरण बांधावं अशी घळसुद्धा नाही.

२. कर्जतचा कातळ आणि बेटांचा पाया

कर्जतच्या रानात विहीर खोदायला घेतली की आधी माती, मग मुरूम आणि मग सुरुंग लावावा लागतो तो काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर पसरला आणि त्यातून दख्खनचं पठार बनलं. हे शाळेत शिकलेलं असतं. पण त्या लाव्ह्याची चूल पुढे कुठे गेली, हे सहसा कोणी सांगत नाही.

चूल जागेवरच राहिली, वरची जमीन सरकली. कागदाखाली मेणबत्ती धरा आणि कागद हळूहळू पुढे ओढा. कागदावर जळक्या डागांची एक ओळ उमटत जाईल. पृथ्वीच्या पोटातली एक तप्त जागा अशीच एका ठिकाणी पेटलेली होती आणि भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत होता. पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे दख्खन. त्यानंतरच्या डागांची ओळ समुद्राच्या तळाशी दक्षिणेकडे पसरली: लक्षद्वीप, मालदीव, छागोस असा लांबलचक बुडालेला डोंगर. बहुतेक भूशास्त्रज्ञ या ओळीचा अर्थ असाच लावतात. ती तप्त जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो.

म्हणजे कर्जतच्या विहिरीचा कातळ आणि लक्षद्वीपचा पाया एकाच चुलीवरचे. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

फरक पुढे पडला. पठार जमिनीवर उघडं राहिलं. समुद्रातले ज्वालामुखी मात्र थंड होऊन जड झाले आणि खचत गेले. मग आज पाण्याच्या वर जे दिसतं ते काय आहे? चार्ल्स डार्विननं याचं उत्तर १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दिलं. उष्ण समुद्रातल्या ज्वालामुखीच्या काठाला प्रवाळ, म्हणजे पोवळ्याच्या जातीचे जीव, चिकटून वाढतात. डोंगर एक वीत खाली गेला की प्रवाळ एक वीत वर चढतात, कारण त्यांना उजेड हवा असतो. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि त्याच्या काठानं वाढलेलं प्रवाळांचं कडं तेवढं पाण्यालगत उरतं. या कड्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीप म्हटलंय. किती नेमका शब्द! मनगट नाहीसं झालं, कंकण तेवढं राहिलं. डार्विनकडे याचा पुरावा नव्हता. तो ११० वर्षांनी मिळाला. १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक या कंकणद्वीपावर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरहून जास्त चुनखडक पार केल्यावर खाली ज्वालामुखीचा खडक लागला.

कड्याच्या आत अडलेलं उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. छायाचित्रातला तो निळा-हिरवा रंग लगूनचा. कड्याच्या बाहेर समुद्राचा तळ एकदम तुटतो, कारण आपण एका बुडालेल्या डोंगराच्या माथ्यावर उभे असतो. ही तुटलेली कड लक्षात ठेवा. आजींच्या प्रश्नाच्या उत्तरात ती पुन्हा येणार आहे.

३. भिंत बांधणारे गवंडी

प्रवाळ हा दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे, बहुधा काही मिलिमीटरचा: एक मऊ पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती इवल्या सोंडा. याला पॉलिप म्हणतात. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण वाटी तयार करतो. असे हजारो-लाखो शेजारी एकमेकांना चिकटून राहतात. वरची पिढी जिवंत, खालच्या पिढ्यांच्या रिकाम्या वाट्या तेवढ्या उरलेल्या. असं शतकानुशतकं साचत जाऊन प्रवाळभित्ती उभी राहते.

पॉलिपच्या अंगात एक भाडेकरू राहतो, सूक्ष्म शैवाल. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग याच शैवालाचा. म्हणून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना स्वच्छ, उथळ, उजेडाचं पाणी लागतं. गढूळ पाण्यात शैवाल उपाशी आणि त्याच्यामागोमाग घरमालकही.

वाढ किती? फांद्यांसारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला दहा-वीस सेंटिमीटर वाढू शकतं. गोल धोंड्यासारखं वाढणारं मात्र वर्षाला सेंटिमीटरच्या आसपासच. आता हिशेब करा. दोन मीटर व्यासाचा प्रवाळाचा धोंडा पाण्यात दिसला, तो मध्यापासून चहूकडे वाढलेला. म्हणजे मध्यापासून काठापर्यंत शंभर सेंटिमीटर, आणि वय शंभर वर्षांच्या घरात. त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढायला पाच सेकंद पुरतात.

इथे हमखास विचारलं जातं: अंगठीतलं पोवळं हेच का? नाही. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळं दुसऱ्या जातीच्या प्रवाळाचं. ते बेटं बांधत नाही. आणि बेटं बांधणारं प्रवाळ उचलून घरी आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा का असेना.

४. वाळू येते कुठून?

भीमेची वाळू म्हणजे झिजलेला खडक. लक्षद्वीपला नदी नाही, मग वाळू कशी? ती सगळी एके काळी कोणाच्या तरी अंगाचा भाग होती: प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, अंगात चुना साठवणाऱ्या शैवालाचे कण. पोपटासारखी चोच असलेला पोपटमासा प्रवाळाच्या दगडावरचं शैवाल खरवडून खातो. दगडाचा चुराही पोटात जातो आणि मागून पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. काही मोठ्या जातींचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. लाटा ती कड्यावर आणून टाकतात, वारा रचतो, नारळ रुजतो आणि बेट होतं.

म्हणून प्रवाळभित्ती मेली तर केवळ पाण्याखालची शोभा जाते असं नाही. वाळू तयार होणं मंदावतं आणि लाटा अडवणारी भिंतही खचते. याचं उदाहरण लक्षद्वीपमध्येच आहे. बंगारामच्या कंकणद्वीपात परळी नावाची छोटी निर्मनुष्य बेटं होती. बीडच्या परळीशी त्यांचा संबंध नाही, पण नाव ऐकून आपल्याला चटका बसतो. त्यातलं परळी-१ हे बेट १९६८ साली ०.०३२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास आठ एकरांचं होतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पूर्ण झिजून गेल्याचं आढळलं. आठ एकरांचा सातबारा कोरा झाला.

५. मसुरीच्या दाण्यासारखं पाणी

आता आजींचा प्रश्न.

लक्षद्वीपला वर्षाला साधारण १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कर्जतला पडतो पाच-सहाशे, त्याच्या तिपटीच्या आसपास. पण बेटाची जमीन चाळणीसारखी. पडलेलं पाणी वाळूतून आणि प्रवाळाच्या सच्छिद्र दगडातून थेट खाली मुरतं. खाली काय आहे? समुद्राचंच खारं पाणी, कारण तेही त्याच छिद्रांतून चहूबाजूंनी आत शिरलेलं असतं. मग गोडं पाणी त्यात मिसळून जात नाही का?

काठाकाठानं मिसळतं, मधलं नाही. गोडं पाणी हलकं असतं. आमटीवर तेलाचा तवंग राहतो तसा पावसाचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, आणि वाळूचे कण त्याला हेलकावू देत नाहीत. बेटाच्या मधोमध हा थर जाड, काठाकडे पातळ होत जाणारा. मसुरीचा दाणा आडवा ठेवून पाहा, तसाच आकार. शास्त्रज्ञ त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात.

भिंग किती खोल? इथे एक सुंदर हिशेब आहे. एक लिटर गोडं पाणी एक किलो भरतं, तर समुद्राचं साधारण १.०२५ किलो. फरक २५ ग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा भाग. पेल्यातला बर्फाचा खडा जसा थोडा वर आणि बराच पाण्याखाली असतो, तसं हे भिंगही थोडं समुद्रसपाटीच्या वर आणि त्याच्या चाळीस पट खाली. विहिरीतलं पाणी समुद्रसपाटीपेक्षा दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीएवढं, वर असेल तर खाली सुमारे चार मीटर गोडं पाणी.

आता हाच हिशेब उलटा करा. मोटार लावून उपसा केला आणि विहिरीची पातळी कायमची पाच सेंटिमीटर उतरली. वरून पाहणाऱ्याला वाटेल, एवढं काय, बोटभर पाणी कमी झालं. पण खालून चाळीस पट, म्हणजे दोन मीटर खारं पाणी वर सरकलं. निम्मं भिंग गेलं. प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्याची सीमा रेघेसारखी नसते, मधे मचूळ पाण्याचा पट्टा असतो, त्यामुळे पिण्याजोगा थर हिशेबापेक्षाही कमीच भरतो.

आपल्याकडे विहीर आटली की आपण ती आणखी खोल घेतो. बोअर दोनशे फुटांवर कोरडा गेला तर पाचशेवर जातो. कर्जतच्या शेतकऱ्याची ही सवय बेटावर घात करील. तिथे दोन-तीन मीटरवर पाणी लागतं आणि तिथेच थांबायचं असतं. जेवढं खोल जाल तेवढं खारं लागणार. विहिरीतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर थोडं वर-खाली होतं. समुद्र खालून श्वास घेत असल्यासारखं. बेटावरच्या जुन्या विहिरी उथळ असतात. पोहऱ्यानं थोडं थोडं, वरवरचं पाणी काढणं हेच तिथलं शहाणपण. एका जागी जोरानं उपसा करणाऱ्या मोटारीमुळे भिंगाला खालून खळगा पडतो आणि त्या खळग्यातून खारं पाणी वर येतं. असं खारावलेलं पाणी पुन्हा गोडं व्हायला पुढचे कित्येक पावसाळे लागू शकतात.

याच भिंगाच्या डोक्यावर, दोन मीटर वाळूच्या पलीकडे, घरं आहेत, संडास आहेत, शोषखड्डे आहेत. वरून जे मुरेल ते विहिरीत येणार. कर्जतला घाण पाणी मुरून विहिरीपर्यंत जायला मातीचा, मुरुमाचा अडसर असतो. बेटावर तो जवळजवळ नाही. पाहुणे वाढले की उपसाही वाढतो आणि मुरणारी घाणही. बेट एकाच वेळी वरून आणि खालून पोखरलं जातं.

६. अठ्ठावीस अंशांवर उकळणारं पाणी

भिंग अपुरं पडू लागलं तेव्हा कवरत्तीला एक वेगळा कारखाना उभा राहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २००५ साली तो सुरू केला. तो समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडं पाणी बनवतो, आणि त्यासाठी पाणी चुलीवर तापवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कळसूबाईचं शिखर आहे, १,६४६ मीटर उंच. वर डाळ शिजत घातली तर वेळ जास्त लागतो. हवेचा दाब कमी असल्यानं पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं. कुकरमध्ये याच्या उलट होतं. आता कळसूबाईच्याही कितीतरी पुढे जा: पोलादी टाकीतली हवा पंपानं जवळजवळ सगळी काढून घ्या. मग पाणी २८ अंशांवरही उकळू लागतं. अरबी समुद्राचं वरचं पाणी नेमकं तेवढंच कोमट असतं! त्याची वाफ होते, मीठ मागे राहतं.

वाफेचं पुन्हा पाणी करायला थंडावा हवा. भाताच्या झाकणाखाली थेंब जमतात तसे थेंब जमवायला गार झाकण हवं. हे झाकण समुद्रच पुरवतो. साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरचं पाणी १२-१३ अंशांचं असतं. ते पाइपानं वर आणतात. मुंबईसमोर एवढी खोली गाठायची तर शेकडो किलोमीटर आत जावं लागेल. कवरत्तीला ती किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच सापडते. बुडालेल्या डोंगराची ती तुटलेली कड म्हणून लक्षात ठेवायला सांगितली होती. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे कारखाने आले.

तरीही हिशेब मांडून पाहू. एक लाख लिटर म्हणजे कर्जतकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरचे रोजचे दहा फेरे. २०११ साली कवरत्तीची लोकसंख्या ११,२२१ होती. माणशी येतात नऊ लिटर. पिणं आणि स्वयंपाक, एवढंच. दहा मिनिटांच्या शॉवरला ऐंशी-नव्वद लिटर सहज जातात. पाहुण्याची एक अंघोळ म्हणजे नऊ-दहा बेटकऱ्यांचं दिवसाचं पिण्याचं पाणी.

७. अजून किती अस्पर्श?

'अस्पर्श बेटं' हा शब्द जाहिरातीत फार सैलपणे वापरला जातो. लक्षद्वीप जे काही जपलं गेलंय ते जपणाऱ्यांमुळे. तिथे जायला प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो; त्याचे नियम १९६७ पासून आहेत. त्यामागे स्थानिक जमातींच्या जमिनीचं आणि जीवनाचं रक्षण हा हेतू आहे. मिनिकॉयचे मच्छीमार जाळं ओढत नाहीत. लगूनमधून बारीक मासळी आमिष म्हणून जिवंत पकडतात, समुद्रात ती उधळून ट्यूनाचा थवा बोलावतात आणि गळ-काठीनं एकेक मासा काढतात. पिढ्यान्पिढ्या चाललेली ही पद्धत कोणा प्रवासी कंपनीनं शिकवलेली नाही. लगून मेलं तर आमिषाची मासळी संपेल आणि मग ट्यूनाही मिळणार नाही.

आणि तरीही प्रवाळ घटलं आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की पॉलिप अंगातल्या शैवालाला बाहेर काढतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो, अन्नही बंद होतं. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे तडाखे बसले, २०२४ मध्ये पुन्हा बसला. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांच्या चोवीस वर्षांच्या अभ्यासात जिवंत प्रवाळाचं प्रमाण १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये १९.६ टक्क्यांवर आलेलं दिसलं. जवळजवळ निम्मं.

एवढं वाचून कोणी विचारील, मग जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. मर्यादेत आलेल्या पाहुण्यांमुळे बेटावरच्या तरुणांना रोजगार मिळतो आणि जिवंत लगूनला मेलेल्या लगूनपेक्षा जास्त मोल येतं. माझा विरोध संख्येला आहे. मोठी हॉटेलं आणि हजारोंचे लोंढे या जमिनीला पेलणार नाहीत. वर मांडलेला पाण्याचा हिशेब त्याला पुरेसा आहे.

८. जायचं ठरलं तर

कर्जतहून पुणे, पुण्याहून कोची आणि कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान. जहाजाला बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. ज्यांना समुद्र लागत नाही त्यांनी जहाजानंच जावं. एवढं अंतर कापून एवढीशी जमीन दिसते तेव्हाच बेटाचा आकार मनाला कळतो. ऑक्टोबर ते एप्रिल हा चांगला काळ. मेच्या मध्यानंतर समुद्र खवळतो, म्हणून शाळेच्या उन्हाळी सुट्टीचा शेवट धरू नका, दिवाळीची सुट्टी धरा. परवान्याला वेळ लागतो, त्यामुळे पावसाळ्यातच तयारीला लागा. बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे. लोक मुस्लिम आहेत, गावं लहान आहेत. गावात फिरताना अंगभर कपडे असू द्या.

तिथे नारळ आणि मासळी पिकते. तांदूळ, डाळ, भाजी, गॅस सगळं जहाजानं येतं. म्हणून ताटात पडेल ते खा, कांदा-बटाट्याचा हट्ट धरू नका. आंघोळ बादलीनं करा. कर्जतकरांना ते शिकवावं लागत नाही. प्लास्टिक नेलं तेवढं परत आणा, कारण पंचवीस एकरांच्या गावाला कचरा डेपो नसतो. पाण्यात उतरताना सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशानं २०२० पासून त्यांच्यावर बंदी घातली आहे. पोहताना तरंगत राहा, उभं राहायचंच झालं तर फक्त वाळूवर. मिनिकॉयला गेलात तर १८८५ सालच्या दीपगृहावर जरूर चढा. सगळं बेट, लगून, कडं आणि कड्याबाहेरचा काळाशार खोल समुद्र एका नजरेत दिसतो. हे सगळं प्रकरण तिथे उभं राहून वाचल्यासारखं होईल.

एवढा खर्च किंवा एवढा प्रवास जमणार नसेल तर महाराष्ट्रातही प्रवाळ आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्राखाली आंग्रिया बँक हे प्रवाळांचं मोठं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. पण ते वीस मीटर आणि त्याहून खोल, सहलीचं ठिकाण नव्हे. मालवण मात्र आवाक्यातलं आहे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ दिसतं.

आजींना कोचीचं जहाज झेपणार नाही, मालवणची होडी झेपेल. सिंधुदुर्ग प्रवाळावर उभा नाही, खडकाळ बेटावर आहे. पण चहूबाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तटावरून समुद्र पाहायला सगळेच जातात. तुम्ही आजींना आधी दूधबावेपाशी न्या.